एकवीस नंबरची खाट

बसा. दार लोटून घ्या, गार वारा येतोय. कडी नको लावू... नुसतं लोट.

आज तुमच्यापैकी कुणाची ड्युटी नाही ना? मग सांगतो. मघाशी ह्या चष्मेवाल्यानं विचारलं, "काका, लॅबकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये बसायला एकही बाक कसा नाही? नातेवाईक बिचारे तासन्‌तास भिंतीला टेकून उभे." खरं आहे. बाक होता. चांगला लाकडी, तीन माणसं बसतील एवढा. तो का काढला, त्याचीच ही गोष्ट आहे म्हणा ना.

मी ईसीजीवाला. चौतीस वर्षं लोकांच्या छातीला वायरी लावल्या. भूतबीत माझ्या मशीनवर कधी उमटलं नाही, आणि कुणी सांगितलं तर मी हसण्यावारी न्यायचो. पण ही गोष्ट जिच्यावर बेतली, तिनं ती मला त्याच रात्री सांगितली. माझ्यासमोर, स्टुलावर बसून, दातावर दात आपटत. ऐकीव नाही.

तिला सगळे धाकटी म्हणायचे. मेडिसिनच्या युनिटमध्ये सगळ्यात लहान, पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर, येऊन जेमतेम तीन महिने झालेले. तुम्हाला काय सांगायचं, पहिलं वर्ष म्हणजे घाण्याचा बैल. फरक एवढाच, की बैलाला रात्री सोडतात. नाव निवासी, आणि निवासाला म्हणून एक खोली, त्यात दोन पलंग, चार माणसं. त्यातून तिच्या जोडीचा पोरगा दुसऱ्याच आठवड्यात राजीनामा देऊन घरी गेलेला. त्याचंही काम हिच्याच गळ्यात पडलं.

आणि डोक्यावर हवालदार. म्हणजे खरा पोलीस नव्हे. तिचा सीनियर, दुसऱ्या वर्षाचा. वॉर्डच्या मावशींनी ठेवलेलं नाव. आवाज असा, की पेशंट झोपेत दचकायचे. एकदा धाकटीनं एका फायलीवर तारीख चुकीची घातली, तर पठ्ठ्यानं तिच्याकडून वीसच्या वीस फायली पहिल्यापासून लिहून घेतल्या, तेही सगळ्यांसमोर. ती बाथरूममध्ये जाऊन रडली आणि तोंड धुऊन परत आली. घरून आईचा फोन आला की म्हणायची, "मजेत आहे गं. जेवले." दोन्ही खोटं.

तर शुक्रवार, दहा फेब्रुवारीची रात्र. रात्र कसली, बारा वाजून गेले होते, म्हणजे तारीख अकरा लागली होती. दोघंही गुरुवारी सकाळी आठला ड्युटीवर चढले होते आणि उतरले नव्हते. दोन चाळीसला हवालदारानं तिच्या हातात रक्ताची ट्यूब दिली.

"अकरा नंबरचं सॅम्पल. लॅबला नेऊन दे. वॉर्डबॉय आज आलेला नाही."

"बरं सर."

"आणि येताना खालच्या मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आण. दुपारपासून जळतंय."

"बरं सर."

ती निघाली. जिना उतरली. मनातल्या मनात त्याचा उद्धार करत होती. 'स्वतःला पाय नाहीत का? मला नाही जळत?' तिचंही पोट दुपारपासून जळत होतंच. रिकाम्या पोटी दोन गोळ्या घेऊन ती उभी होती.

तो पॅसेज तुम्ही पाहिलाय. लांबच लांब, एका बाजूला बंद खिडक्या, दुसऱ्या बाजूला जुनी ओपीडी. रात्री तीन ट्यूबलाइट लागतात, त्यातली मधली तेव्हा फडफडायची. त्या मधल्या दिव्याखाली बाक होता. आणि बाकावर एक जण बसला होता.

अंगात ॲप्रन. उंच, सडपातळ. चष्म्याच्या एका काडीला चिकटपट्टी. मांडीवर कागदांचा गठ्ठा. ती जवळ आल्यावर त्यानं मान वर केली.

"रिलीव्हर का तुम्ही?"

असेल कुठल्या तरी डिपार्टमेंटचा, तिला वाटलं. हॉस्पिटलात दोनशे निवासी, सगळ्यांना कोण ओळखतं! ती चालता चालताच म्हणाली, "नाही हो. मी मेडिसिनची. सॅम्पल द्यायला चाललेय."

"मेडिसिन. मी पण मेडिसिनचाच," तो म्हणाला. "हँडओव्हर घ्याल का? म्हणजे मी सुटेन."

ती हसली. कारण हे दुखणं तिला नवं नव्हतं. आपल्यात नियमच आहे, ड्युटीवर येणाऱ्यानं, म्हणजे रिलीव्हरनं, जाणाऱ्याकडून एकेका पेशंटची माहिती तोंडी घ्यायची. ती कुणी घेतली नाही, तर जाणाऱ्याला जाता येत नाही. बसा मग वाट बघत.

"येते परत," असं काहीतरी पुटपुटून ती पुढे गेली.

लॅबमध्ये ट्यूब दिली, वहीत लिहिलं. तिथल्या घड्याळात तीनला पाच कमी होते. मेडिकल समोरच होतं, उघडं होतं. ती दारापर्यंत गेली... आणि फिरली मागे. 'आण म्हणावं स्वतः.' एवढाच सूड. तुमच्या-माझ्यासारख्या गरीब माणसाला परवडेल एवढा.

परत पॅसेजमध्ये आली. तो आता उभा होता.

— नाही रे, पाय सरळ होते त्याचे. तिनं पाहिले. पायात बूट होते. ऐका तर खरं.

तो वाट अडवून उभा नव्हता. बाजूला होता, अदबीनं. पण ती जवळ येताच त्यानं सुरुवात केली.

"बेड नंबर एक. दमा. ऑक्सिजन दोन लिटरवर. पहाटे खोकला वाढतो. बेड नंबर दोन. कावीळ, आठवा दिवस. जेवण सुरू केलंय. बेड नंबर तीन..."

ती थबकली. हे तिचे पेशंट होते.

एक नंबरचे दम्याचे आजोबा. दोन नंबरचा ट्रकवाला. हिच्याच वॉर्डमधले, आजचे. तिनं विचारलं, "तुम्ही आमच्या वॉर्डमध्ये कधी आलात?" तो सांगत राहिला.

"बेड नंबर चार. मधुमेह. गाढ झोपलेत असं वाटेल. झोप नाही ती. साखर बघा. बेड नंबर पाच..."

आता ती त्याच्याकडे नीट बघायला लागली. डॉक्टरच ती. डॉक्टरची नजर कुठे जाणार? छातीकडे. सहा नंबर झाला. सात झाला. आठ झाला. तो न थांबता बोलत होता... आणि छाती हलत नव्हती.

मधे श्वास नव्हता.

तिनं कागदांकडे पाहिलं. तो एकेक पान उलटत होता. पानं कोरी होती. दोन्ही बाजूंनी.

पंधरा. सोळा. सतरा. तिला पळायचं होतं. पाय उचलत नव्हते. वरचा दिवा फडफडत होता, विझला की तो दिसायचा नाही, आवाज मात्र तसाच यायचा. एका सुरात.

"बेड नंबर वीस. उद्या घरी सोडायचे. बाकी काही नाही."

संपलं, तिला वाटलं. वॉर्ड वीस खाटांचा. तिनं सुटकेचा श्वास टाकला.

त्यानं आणखी एक पान उलटलं.

"बेड नंबर एकवीस."

"...एकवीस नाहीये," ती कशीबशी म्हणाली.

"निवासी डॉक्टर. सलग त्रेचाळीस तास ड्युटी. जेवण नाही. दुपारपासून छातीत जळजळ. ॲसिडिटी समजून अंगावर काढलेली. ॲसिडिटी नाही ती. सहा वाजेपर्यंत वेळ आहे. वय..."

पुढचं तिनं ऐकलंच नाही.

ती पळाली. मागून आवाज आला, तो मात्र चढलेला नव्हता, विनवणीचा होता. "मॅडम... पूर्ण ऐका... अर्धा घेऊन जाऊ नका..."

मागे वळली का? नाही. तू वळला असतास?

माझी खोली तेव्हा पॅसेजच्या तोंडाशीच होती. दार धाडकन उघडलं आणि ही आत. ओठ पांढरे पडलेले. मी तिला स्टुलावर बसवलं, माझी शाल दिली. पाणी दिलं ते निम्मं सांडलं. मग तिनं सगळं सांगितलं, मी तुम्हाला सांगतोय तसंच. मी म्हणणार होतो, पोरी, झोप नाही झाली की असं होतं, मी एवढी वर्षं बघतोय. तेवढ्यात ती म्हणाली, "चष्म्याला चिकटपट्टी होती, काका. डाव्या काडीला."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

तो मला ठाऊक होता. नऊ वर्षांपूर्वीचा. मेडिसिनचाच, पहिल्या वर्षाचा. चार दिवस तापानं फणफणत होता, सुट्टी मागितली तर त्याला सांगितलं, 'सगळ्यांनाच ताप येतो.' रात्री लॅबमधून परत येताना त्या बाकावर बसला. तो बसला तो बसलाच. सकाळी दहापर्यंत माणसं समोरून जात होती. सगळ्यांना वाटलं, डुलकी लागली असेल बिचाऱ्याला. कुणी तरी त्याच्या मांडीवर एक सॅम्पलची ट्यूबसुद्धा ठेवून गेलं, 'उठल्यावर पोचव' म्हणून चिठ्ठी लावून. आणि हजेरीपटावर त्या दिवशी त्याच्या नावापुढे काय लिहिलं, सांगू? गैरहजर. त्याचे वडील आले होते. भांडले नाहीत, रडले नाहीत. एकच विचारत होते, ज्याला त्याला. "त्याला उठवलं का नाही हो कुणी?"

हे मी धाकटीला सांगितलं नाही. तशा अवस्थेत काय सांगणार? पण माझाही धीर सुटला होता. मी म्हटलं, "झोप इथे. आधी तुझा ईसीजी काढू."

वायरी लावता लावता तिला आठवलं, चार नंबर! तिनं पडल्या पडल्या वॉर्डला फोन लावला. "सिस्टर, चार नंबरची साखर बघा. आत्ताच्या आत्ता." दहा मिनिटांनी सिस्टरचा फोन आला. साखर अडतीस. अजून अर्धा तास गेला असता तर बाबा गेले होते. सिस्टरनं ग्लुकोज लावलं होतं आणि बाबा डोळे उघडून शिव्या देत होते. सिस्टर विचारत होती, "तुम्हाला कसं कळलं हो मॅडम?"

म्हणजे तो खरं बोलत होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मी बटण दाबलं. कागद सरकायला लागला. आयुष्यात कुठल्या पट्टीकडे मी तसं पाहिलं नसेल. एक एक ठोका बोटानं मोजला. पुन्हा काढला. तिसऱ्यांदा काढला.

नॉर्मल. एकदम नॉर्मल. शाळेच्या पुस्तकात छापावा असा.

"पोरी, तू ठणठणीत आहेस," मी म्हटलं. ती रडायला लागली, मग हसायला लागली. मीही हसलो. चहा टाकला. आम्ही काय म्हणालो माहितीये? "चला, शेवटचं तरी खोटं ठरलं."

...

अजून रात्री जाग आली की ते हसू मला ऐकू येतं.

तेवढ्यात हवालदाराचा फोन. "कुठे मेलीस? तास झाला!" ती उठून पळाली.

वॉर्डमध्ये पोचली तेव्हा चारला पाच कमी होते. तो टेबलाशी बसून चार नंबरची नोंद लिहीत होता. ती शिव्यांची वाट बघत उभी राहिली. त्यानं मान वर केली. कपाळावर घाम होता. फेब्रुवारीत.

"गोळी?"

"विसरले सर."

"राहू दे." त्यानं बाहीनं घाम पुसला. "चार नंबर चांगला पकडलास तू. जा, झोप जा दोन तास. मी बघतो. सहाला उठवतो तुला."

तीन महिन्यांत तो पहिल्यांदा माणसासारखा बोलला होता. तिला त्याचंही नवल वाटलं नाही. तिला फक्त पलंग दिसत होता. ती ड्युटी-रूममध्ये गेली आणि बुटांसकट आडवी झाली.

सहाला तिला कुणी उठवलं नाही.

जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन आलं होतं. सात वाजून दहा मिनिटं. ती धडपडत बाहेर आली. वॉर्ड जागा झाला होता. मावशी फरशी पुसत होत्या. सिस्टर इंजेक्शनं भरत होती. हवालदार टेबलावर हाताची उशी करून, डोकं टेकून...

"हळू," मावशी तिला म्हणाल्या. "झोपलेत. मी पंखा पण बंद केला. दोन दिवस पाठ टेकली नाही पोरानं."

धाकटी जागच्या जागी उभी राहिली.

त्रेचाळीस तास. जेवण नाही. छातीत जळजळ.

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

...

त्याचं वय अठ्ठावीस होतं. पेन हातातच होतं. शेवटच्या नोंदीपुढे वेळ घातली होती, सहा वाजून चार मिनिटं.

मग काय, जे व्हायचं ते झालं. चौकशी समिती. पाच मोठी माणसं, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. प्रश्न काय विचारले? तीन ते चार ही निवासी वॉर्ड सोडून कुठे होती. चार ते सात का झोपली. सलग दोन दिवस दोन माणसांनी पाच जणांची ड्युटी का केली, हे त्यांच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. धाकटीला खोटं बोलता आलं असतं. मी तिला तसं सुचवलंही होतं. तिनं मान खाली घालून एकच वाक्य सांगितलं, "मला हँडओव्हर मिळाला होता. मी पूर्ण ऐकला नाही." त्यांनी ते लिहून घेतलं. 'निष्काळजीपणा मान्य.' सही घेतली.

मलाही बोलावलं. मी सांगितलं, तिला बरं वाटत नव्हतं, मी ईसीजी काढला. एवढंच. बाकीचं गिळलं. पेन्शनला तीन वर्षं राहिली होती. माझ्या खोलीपासून त्याच्या टेबलापर्यंत एक जिना आहे, पोरांनो. अठरा पायऱ्या. मशीनला चाकं आहेत, लिफ्ट चालू होती. मी नऊ वर्षांपूर्वीचं सगळं जाणत होतो, आणि माझ्या डोक्यात आलं नाही, की निवासी डॉक्टर त्या रात्री दोन होते.

समितीनं अहवाल दिला. कारवाई कुठली केली ते चष्मेवाल्याला आता कळलं असेल. बाक उचलला. निवासी त्यावर बसून झोपा काढतात म्हणे.

धाकटी परीक्षेला बसली नाही. आता तिच्या गावी एका छोट्या लॅबमध्ये रिपोर्ट तपासते, संध्याकाळी सहाला घरी जाते. वर्षातून एकदा मला फोन करते, अकरा फेब्रुवारीला. गेल्या खेपेला म्हणाली, "काका, मी खूप विचार केला. मला त्याचा इतका राग होता ना... की तो पण निवासी डॉक्टर आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मला वाटलं, त्रास फक्त मलाच होतो." मी फोन धरून बसलो.

नाही, पॅसेजमध्ये तो पुन्हा कुणाला दिसला नाही. मी स्वतः मुद्दाम कितीदा तिथून गेलो, तीनच्या सुमाराला. काही नाही. दिवाही आता फडफडत नाही.

फक्त एक झालं. त्याच वर्षी एक मार्चला ऑफिसनं अंगठ्याची हजेरी सुरू केली. नवं कोरं मशीन, निवासी येताना-जाताना अंगठा लावणार. आठवडाभरात कारकून माझ्याकडे आला, यादीचा कागद घेऊन. माणूस बेरकी, पण आधी दार लावून घेतलं. म्हणाला, "काका, मशीन परत पाठवतोय, बिघडलंय. अंगठे आम्ही घेतले एकशे अठ्ठ्याण्णव. यादीत येतात एकशे नव्व्याण्णव." शेवटच्याला नाव नव्हतं, नंबर नव्हता. मेडिसिन, एवढंच. मशीन बदललं. दुसऱ्यानंही तेच छापलं. पुढे त्यांनी ती ओळ झाकून यादी काढायला सुरुवात केली. पहिला कागद मात्र कारकुनानं माझ्याकडेच टाकला.

त्यात आत आल्याची वेळ होती, सकाळी सहा वाजून चार मिनिटं. रोज तीच. सातही दिवस.

बाहेर जाण्याचा रकाना कोरा होता.